रजिस्टराचा धनी कोण?

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील वाहने आणि वाहनांचे सुटे भाग निर्माण करणाऱ्या कारखान्यांच्या अभियांत्रिकी विभागप्रमुखांस,



आपल्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या वाहनांच्या नियंत्रकांत एक अशी चिमुकली जागा असते, की जिची वहिवाट अनेकांकडे असते आणि मालकी मात्र कोणाकडेच नसते. आणि ज्या जागेला धनी नाही तिच्यावरून आज ना उद्या तंटा उपस्थित झाल्यावाचून राहत नाही, हा खेड आणि हवेली तालुक्यांतील जमिनींचा जुना अनुभव संगणकाच्या यंत्रभागालाही तंतोतंत लागू पडतो. ही जागा म्हणजे नियंत्रकाच्या चिपमधील सामाईक रजिस्टर. त्यात कोणी लिहावे, कोणी लिहू नये आणि दोघांना लिहावयाचे झाल्यास कोणाच्या परवानगीने लिहावे, याचा निर्णय मी ज्या ज्या ठिकाणी काम केले तेथे कनिष्ठ अभियंत्यांच्या मर्जीवर, किंबहुना योगायोगावर, सोडलेला मला आढळला. तो निर्णय आपण आपल्या हाती घ्यावा, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. आणि ते एकट्यादुकट्याला खाजगीत न लिहिता सर्वांस उघडपणे लिहिण्याचे कारण असे, की चिप एकाची, तिच्यावरील ड्रायव्हर, म्हणजे यंत्रभाग हाकणाऱ्या आज्ञावली, दुसऱ्याचे, वरची प्रणाली तिसऱ्याची आणि गाडी चौथ्याची, अशी आजची व्यवस्था असल्यामुळे कोणत्याही एका कारखान्याने एकट्याने शहाणपण दाखवून हा प्रश्न सुटणारा नाही.

या पट्ट्याचा आरंभ औषधांपासून झाला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या माळांवर ओतकाम, कातकाम आणि जुळणी यांचा जो पसारा वाढत गेला तो शेवटी कांद्याच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध असलेल्या चाकणपर्यंत जाऊन पोहोचला. त्या काळी गाडीची गुणवत्ता म्हणजे पोलादाची जात, कातकामातील सूक्ष्म माप आणि कामगाराचा हात. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा सहा हे उत्सर्जनाचे मानक लागू झाले, बहुतेक दुचाकींतूनही कार्बोरेटर जाऊन इंधन-अंतःक्षेपण आले, आणि इंजिनात किती इंधन कोणत्या क्षणी सोडावयाचे हा हुकूम आता आज्ञावलीच्या हाती गेला. हिंजवडीच्या इमारतींत बसून जी आज्ञावली लिहिली जाते तीही आता गाडीचा सुटा भागच होय. मात्र लोखंडी भागाची हद्द मोजण्यासाठी आपल्यापाशी जी शिस्त आहे ती या भागाच्या वाट्याला अद्याप पुरती आलेली नाही.

आपल्यापैकी जे यंत्रशास्त्राच्या बाजूने या पदावर आले आहेत त्यांच्यासाठी मूळ गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. रजिस्टर म्हणजे चिपमधील एक शब्द, बहुधा बत्तीस बिटांचा. आज्ञावलीला तो स्मृतीतील एखाद्या पत्त्यासारखा दिसतो, पण त्यात लिहिलेली प्रत्येक बिट प्रत्यक्ष यंत्रावर परिणाम करते: एखाद्या बिटेने टायमरचे घड्याळ सुरू होते, शेजारच्या बिटेने गाडीतील नियंत्रकांना परस्परांशी जोडणाऱ्या कॅन जाळ्याचा नियंत्रक जागा होतो, तिसरीने एखादी पिन आदानाची प्रदानाची होते. चिप घडविणारे जागेच्या काटकसरीने अशा परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या बिटा एकाच शब्दात भरतात. आता कॅनचा ड्रायव्हर म्हणतो, मला माझी एक बिट लावावयाची आहे. परंतु बहुधा यंत्राला सुटी बिट लिहिता येत नाही, पूर्ण शब्दच लिहावा लागतो; म्हणून तो आधी शब्द वाचतो, आपल्या प्रतीत एक बिट बदलतो आणि ती प्रत परत लिहितो. टायमरचा ड्रायव्हरही तेच करतो. समजा, शब्दाचे मूल्य शून्य आहे. पहिल्याने शून्य वाचले. त्याने लिहिण्यापूर्वीच दुसऱ्यानेही शून्य वाचले. पहिल्याने ८ लिहिले. दुसऱ्याने आपल्या प्रतीप्रमाणे १२८ लिहिले. शब्दात असावयास हवे होते १३६, आणि राहिले १२८. कॅनचा नियंत्रक जागा झाल्याबरोबर पुन्हा निजला, आणि त्याच्या ड्रायव्हरच्या समजुतीप्रमाणे मात्र सर्व यथास्थित आहे.

तलाठ्याच्या दफ्तरातील एकाच पानाच्या दोन नकला दोन कारकुनांनी घरी नेल्या, प्रत्येकाने आपापली एकेक नोंद बिनचूक केली, आणि प्रत्येकाने मूळ पान काढून आपली नक्कल त्या जागी बांधली, तर जो मागाहून आला त्याने पहिल्याची नोंद पुसली असे होईल. दोघांच्याही हस्ताक्षरात चूक नाही, दोघांच्याही हिशेबात चूक नाही. म्हणूनच फेरफाराची नोंद करण्याचा अधिकार एकाकडे आणि ती प्रमाणित करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, अशी तजवीज महसुली कारभारात शतकानुशतकांच्या अनुभवाने झालेली आहे. आपल्या चिपमधील रजिस्टरांना इंग्रजीत नोंदवहीचेच नाव मिळाले आहे. नोंदवहीचा कायदा मात्र त्यांना मिळालेला नाही.

या दोषाशी माझी पहिली गाठ भोसरीतील एका लहानशा दालनात पडली. वाहनाच्या दर्शकपटाचे काम होते. चावी फिरविल्यावर सुमारे दोन हजार वेळांतून एकदा पटावरचे काटे निश्चल राहत. चावी बंद करून पुन्हा फिरविली की सर्व सुरळीत. प्रथम वायरिंगवर संशय गेला, मग जोडणीच्या खोबणींवर, मग विद्युतपुरवठ्यावर. एका पुरवठादाराला आपला निर्दोष माल परत न्यावा लागला, आणि एका तरुण सहकाऱ्याला तीन आठवडे रात्री दहापर्यंत थांबून चावीच्या जागी बसविलेल्या रिलेचे फेरे मोजत बसावे लागले. शेवटी सापडले ते हेच: दिव्यांच्या उजेडाचा टायमर आणि कॅन यांच्या घड्याळांच्या बिटा एका शब्दात, आणि दोन ड्रायव्हर दोन वेगवेगळ्या गटांनी लिहिलेले. खेदाची गोष्ट अशी, की तीच आज्ञावली आधीच्या नियंत्रकात कित्येक वर्षे विनातक्रार चाललेली होती. आधीच्या चिपमध्ये एकच कोर, म्हणजे आज्ञा पाळणारा एकच प्रक्रियक, होता, ड्रायव्हर एकामागून एक सुरू होत. नव्या चिपमध्ये दोन कोर आले, दोन ड्रायव्हर एकाच वेळी जागे होऊ लागले, आणि वाचणे व लिहिणे यांच्यामधली अत्यल्प फट, जी सेकंदाच्या कोट्यंशांत मोजावी लागते, ती अकस्मात उघडी पडली. त्या तरुणाला कामाच्या आढाव्यात दिरंगाईचा ठपका मिळाला. त्याचा काहीही दोष नव्हता, हे मी त्या वेळी पुरेशा जोराने बोललो नाही, याचे शल्य मला आजही आहे.

अशा दोषाला चाचणीच्या भरवशावर सोडता येत नाही. अमेरिका व कॅनडातील थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांची मात्रा दिली. त्यामागे, अनेक कार्ये एकच सामाईक मूल्य बंदोबस्ताशिवाय वाचीत-लिहीत होती, हे एक प्रमुख कारण होते, आणि तपशीलवार छाननी होईपर्यंत तेथेही दोष विजेच्या बटणांतच शोधला जात होता. तेथील सामाईक वस्तू स्मृतीतील मूल्य होती, रजिस्टर नव्हे. पण दोषाची जात एकच.

यावर कुलूप हा उपाय सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याच्याविषयीच सर्वांत अधिक गैरसमज आहेत. एका कोरच्या यंत्रात क्षणभर इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबविणाऱ्या हाका, बंद केले की वाचणे-बदलणे-लिहिणे अखंड होते. दोन कोर झाले की हा उपाय लंगडा पडतो, कारण दुसरा कोर आपल्या गतीने चालतच असतो, आणि मग इंटरप्ट बंद करून शिवाय स्पिनलॉक, म्हणजे मोकळे होईपर्यंत दुसऱ्या कोरला थोपवून धरणारे कुलूप, घ्यावा लागतो. एवढे विद्यार्थीही सांगतो. पण मी तपासलेल्या आज्ञावलींत वारंवार आढळलेली चूक याहून निराळी आहे: प्रत्येक ड्रायव्हरच्या लेखकाने कुलूप लावलेले असते, परंतु स्वतःचे. एकेरी रेल्वेमार्गावर पुढील खंडात शिरण्यापूर्वी इंजिनचालकाच्या हाती धातूचा टोकन-गोळा पडावा लागे, आणि यंत्राची रचना अशी, की एका वेळी त्या खंडाचा एकच गोळा बाहेर निघे. सगळी सुरक्षितता त्या 'एकच' या शब्दात होती. संगणकशास्त्रातील सेमाफोर या अशाच रखवालीच्या साधनाला संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी नाव दिले तेही रेल्वेच्या सिग्नलावरूनच. दोन स्थानकांनी आपापले निराळे गोळे घडवून घेतले तर दोन्ही चालकांच्या हाती गोळा असेल आणि गाड्या समोरासमोर येतील. सामाईक रजिस्टराचे कुलूप रजिस्टराच्या मालकीचे असले पाहिजे. ते वापरणाऱ्याच्या मालकीचे असून भागत नाही. आणखी एक बारकावा येथेच सांगून ठेवतो, कारण तो अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटतो: कोरने लिहिलेला शब्द कित्येकदा वाटेत, बसवर, थोडा रेंगाळतो, तो यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कुलूप सुटू शकते. जेथे क्रमाला महत्त्व आहे तेथे लिहिल्यावर तेच रजिस्टर पुन्हा वाचून खात्री करून घ्यावी आणि मगच कुलूप सोडावे.

लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्या प्रणालीच्या मूळ आज्ञावलीने, या बाबतीत जी वाट काढली आहे ती, आपल्या दर्शकपट आणि मनोरंजन-प्रणालींत लिनक्सचा वाढता वापर लक्षात घेता, आपल्यालाही उपयोगी पडावी. कर्नलमध्ये पत्त्यांच्या प्रत्येक पट्ट्याची नोंद ठेवली जाते. ड्रायव्हरने पट्टा मागितला आणि तो आधीच दुसऱ्याच्या नावे असला तर कर्नल 'व्यग्र' असे उत्तर देऊन नकार देते, आणि कोणता पट्टा कोणाच्या नावे आहे हे आयओमेम नावाच्या यादीत वाचता येते. ही सातबाऱ्यासारखीच सोय झाली. परंतु या नोंदीला फाटा देऊन, मागणी न करता, तोच पत्ता थेट आपल्या नकाशात घेण्याचा मार्गही कर्नलने मोकळा ठेवलेला आहे. आणि वितरणाची तारीख तोंडावर आलेला अभियंता नकार आला की नेमका तोच मार्ग धरतो. नकार नाहीसा होतो, काम चालू होते, आणि हद्दीचा दगड उपटून टाकला गेला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या विभागात आज्ञावलीची तपासणी होत असेल तर दुसरे काही पाहिले नाही तरी एवढे अवश्य पाहावे, की नोंद न करता पट्टा घेणारी अशी ओळ कोठे कोठे आहे आणि ती तेथे का आहे.

नकार मोडून काढण्याऐवजी त्याचा मान राखून सामाईक रजिस्टर वापरता यावे म्हणून तेथे क्रमाक्रमाने व्यवस्था झाली. २०११ साली मार्क ब्राउन यांनी रेगमॅप ही योजना आणली: रजिस्टरांच्या एका पट्ट्याला एक दरवाजा, दरवाज्याला एक कुलूप, आणि 'या बिटा अशा कर' असे सांगितले की वाचणे-बदलणे-लिहिणे हे सर्व त्या कुलपाच्या आत. पाठोपाठ २०१२ साली सिसकॉन आले. कोणत्याच एका यंत्रभागाचा नसलेला, सटरफटर बिटांनी भरलेला जो पट्टा चिपमध्ये हमखास असतो, त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा रखवालदार मिळाला. बाकीच्या ड्रायव्हरांनी यंत्रवर्णनातील त्याचा निर्देश पाहून त्याच्या दाराशी यावयाचे. मला ही रचना फार मोलाची वाटते. तिच्या मर्यादेकडेही दुर्लक्ष करता कामा नये, ही गोष्ट मी तितक्याच आग्रहाने सांगू इच्छितो.

कुलूप लिहिण्याचे रक्षण करते, हेतूचे करीत नाही. सामाईक विहिरीवर चार भाऊबंदांची पाळी ठरलेली असते, आणि मोटर एकच असते. एकाच्या कांद्याच्या वाफ्यांना पाणी चालू असताना दुसऱ्याने आपले काम संपले म्हणून खटका बंद केला, तर खटक्याच्या पेटीला कितीही भक्कम कुलूप असून काय उपयोग? दोघेही रीतसर चावी घेऊनच आले होते. दोन ड्रायव्हर एकच घड्याळ वापरीत असतील आणि त्यांतला एक निजताना ते बंद करीत असेल, तर सिसकॉनच्या दारातून जाऊनही अनर्थ व्हावयाचा तो होतोच. म्हणून घड्याळांसाठी २०१२ सालीच लिनक्समध्ये सामाईक घड्याळ-व्यवस्था आली. तिच्यात ड्रायव्हरला रजिस्टर दिसत नाही, बिट दिसत नाही. 'मला हे घड्याळ हवे' आणि 'आता नको' एवढेच त्याला म्हणता येते. मागणाऱ्यांची मोजदाद ती व्यवस्था ठेवते, आणि शेवटच्या मागणाऱ्याने 'नको' म्हटल्याखेरीज घड्याळ बंद होत नाही. रिसेट, पिना, विद्युतदाब यांच्यासाठीही अशाच व्यवस्था आहेत. तेथेही रचना करणाऱ्याने जागरूक राहावे लागते: एकाच शब्दात घड्याळ चालू करणारी बिट आणि त्याची गती ठरविणाऱ्या बिटा शेजारी असतील तर दोहोंच्या नोंदणीत तेच एक कुलूप द्यावे लागते, आणि ते न देताही नोंदणी विनातक्रार होते. माझे मत असे बनले आहे, की सिसकॉन ही शेवटची सोय समजावी. जेथे अर्थपूर्ण धनी नेमता येतो तेथे केवळ रखवालदार बसवून समाधान मानू नये.

इंजिन, ब्रेक, गिअर यांच्या नियंत्रकांत जे ऑटोसार या वाहन-आज्ञावलीची मानके ठरविणाऱ्या संघटनेच्या चौकटीत काम करतात त्यांना तर धन्याचा प्रश्न चाळीस वेळा चर्चा करून सोडवावयाचा नाही. तो सोडविलेला आहे. २००३ साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या ड्रायव्हरविषयक मानकांत नियम स्पष्ट लिहिला आहे: रजिस्टर एकाच यंत्रभागाचे असेल तर त्या भागाच्या ड्रायव्हरने त्याला आरंभीचे मूल्य द्यावे, ते अनेक भागांवर परिणाम करीत असेल आणि आदान-प्रदानाचे असेल तर पोर्टच्या ड्रायव्हरने द्यावे, अनेक भागांवर परिणाम करूनही आदान-प्रदानाचे नसेल तर एमसीयूच्या, म्हणजे मूळ नियंत्रकाच्या, ड्रायव्हरने द्यावे, आणि रिसेटनंतर एकदाच लिहिता येणारी व उरलेली सर्व रजिस्टरे आरंभिक आज्ञावलीने लिहावीत. इतक्या थोड्या शब्दांत इतका पूर्ण बंदोबस्त मी फार क्वचित पाहिला आहे. मात्र हा नियम आरंभाच्या मूल्यांविषयी आहे. गाडी चालू असताना कोण बदल करणार, याची व्यवस्था त्या त्या कारखान्यानेच लावावयाची असते, आणि ती लावण्यासाठीचे संरक्षित विभाग मानकाने दिलेले असले तरी ते कोठे योजावेत हे मानक सांगू शकत नाही.

यापुढील अडचण याहून मोठी आहे, आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. नव्या गाड्यांच्या एकाच चिपमध्ये आता भिन्न जातींचे कोर शेजारी नांदतात: मोठ्या कोरवर लिनक्स, लहान कोरवर तातडीच्या कामांची छोटी प्रणाली. दोन कर्नल, दोन राज्ये. एका राज्यातील स्पिनलॉक दुसऱ्या राज्यात चालत नाही, एकाच्या नोंदवहीतील नाव दुसऱ्याला माहीत नसते, आणि दोघांच्याही मध्ये घड्याळांचा तोच एक शब्द असतो. अशा वेळी काही चिपांत यंत्रभागातच कुलुपे दिलेली असतात, आणि लिनक्समध्ये २०११ पासून ती वापरण्याची सोयही आहे. परंतु त्याहून चांगली तजवीज अशी, की घड्याळे, रिसेट आणि वीज यांचा कारभार एका स्वतंत्र लहान प्रक्रियकाकडे मुखत्यारपत्र देऊन सोपवावा, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे संदेशाने अर्ज करावेत. चिपांची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने एससीएमआय नावाने याच धर्तीचे मानक तयार केले आहे. आयएसओ २६२६२ हे वाहनांच्या सुरक्षिततेचे मानक ज्याला परस्परांच्या हस्तक्षेपापासून मुक्तता म्हणते, तिचा दावा मनोरंजनाची प्रणाली आणि इशाऱ्याचे दिवे एकाच चिपवर ठेवणारा कारखाना सामाईक रजिस्टरांचा हिशेब दिल्याशिवाय कसा करू शकेल, हे मला उमगत नाही.

चिपची निवड आपल्याच सहीने होते, म्हणून एक गोष्ट त्याविषयी. काही चिपांत बिट लावण्यासाठी एक पत्ता आणि उतरविण्यासाठी दुसरा पत्ता असतो; तेथे वाचण्याची गरजच नाही, आणि म्हणून सारा तंटा उगमाशीच मिटतो. उलट काही रजिस्टरे अशी असतात की ती नुसती वाचली तरी त्यांतील खूण पुसली जाते, किंवा ज्या बिटेत एक लिहावे ती उतरते. अशा रजिस्टरावर वाचणे-बदलणे-लिहिणे हा प्रयोग केला तर शेजाऱ्याचा इंटरप्ट परस्पर गिळला जातो. दरपत्रक मागविताना किंमत आणि तापमानाची मर्यादा जशी विचारली जाते, तसाच हाही प्रश्न विचारला जावा.

आता मुख्य मागणी. प्रत्येक नियंत्रकासाठी, आज्ञावलीची पहिली ओळ लिहिली जाण्यापूर्वी, चिपच्या सर्व सामाईक रजिस्टरांचे एक दफ्तर करावे. त्यात प्रत्येक शब्दापुढे, आणि जेथे गरज आहे तेथे प्रत्येक बिटेपुढे, एकाच धन्याचे नाव असावे, त्याच्या दारातून येण्याची रीत लिहिलेली असावी, आणि त्या नावात बदल करावयाचा तर त्यावर आपली स्वतःची सही लागावी. पुरवठादाराशी होणाऱ्या करारात हे दफ्तर जोडपत्र म्हणून घालावे, म्हणजे बाहेरून आलेला ड्रायव्हर कोणकोणत्या शब्दांना हात लावतो हे त्याने आधी जाहीर केल्यावाचून त्याचा माल स्वीकारलाच जाणार नाही. हे काम कनिष्ठ अभियंत्याने करावयाचे नाही, कारण ज्याला दुसऱ्या गटाची आज्ञावली पाहण्याचाही अधिकार नाही त्याने दोन गटांमधील हद्द कशी ठरवावी? निगडी आणि आकुर्डीच्या महाविद्यालयांतून दरवर्षी जी मुले आपल्याकडे येतात त्यांना कुलूप लावता येते; कोणत्या दाराला लावावे, हे त्यांना आपण सांगितले पाहिजे.

दफ्तर तयार करण्यास एका जाणत्या माणसाचे फार तर दोन आठवडे लागतील. आपल्या हाती सध्या जे नियंत्रक आहेत त्यांतील एकापासून, येत्या महिन्यात, आरंभ करावा अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. आणि ते करताना ज्याच्यापुढे कोणाचेच नाव लिहिता येत नाही असा पहिला शब्द सापडेल, त्या दिवशी सर्व संबंधितांना एका मेजाभोवती बसवून, नाव लिहिले जाईपर्यंत कोणास उठू देऊ नये.



आपला,
नियंत्रक-प्रणालींच्या कामातून निवृत्त झालेला एक अभियंता,
निगडी